रिकामं ठेवलेलं घर: ड्रेटन हॉल वाचायचं कसं?

अमेरिकेच्या दक्षिणेतली जुनी हवेली म्हटलं की ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. दुतर्फा झाडांचा रस्ता, टोकाला पांढरेशुभ्र उंच खांब, आत झुंबरं, पियानो, चांदीची भांडी. साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टन शहराबाहेर, अॅश्ली नदीच्या काठी ड्रेटन हॉल नावाचं घर आहे. हे चित्र मनात घेऊन तिथे गेलेल्या माणसाचा आधी विरसच होतो, कारण आत काहीही नाही. खुर्ची नाही, पलंग नाही, पडदे नाहीत. वीज, नळ, एसी यांतलं काही या घरात कधी आलंच नाही. लाकडी भिंती, त्यांवर सुकून तडकलेला जुना रंग, उघड्या फळ्यांची जमीन आणि खिडक्यांतून येईल तेवढा उजेड.

हे दुर्लक्षामुळे झालेलं नाही. घर असंच रिकामं, आहे तसं ठेवायचं हे ठरवून केलेलं आहे. माझ्या मते दक्षिणेतल्या सजवलेल्या हवेल्यांपेक्षा हे रिकामं घर कितीतरी जास्त सांगतं. ते कसं, हेच या लेखात बघायचं आहे. त्यासाठी थोडा इतिहास, थोडं बांधकाम आणि थोडं हवामान, तिन्ही एकत्र घ्यावं लागेल.

आधी काळाचा घोळ मिटवू. पांढऱ्या खांबांचं ते प्रसिद्ध चित्र साधारण १८२० ते १८६० या काळातलं. त्या वेळी अमेरिकेत ग्रीक देवळांसारखी घरं बांधायची टूम निघाली होती आणि कापसावर गब्बर झालेल्या जमीनदारांनी ती उचलली. लुइझियानात मिसिसिपीच्या काठी गेलं तर फ्रेंच वळणाची निराळीच जुनी घरं दिसतात: खाली विटांचा तळ, वर राहतं घर, भोवती रुंद गॅलरी. ड्रेटन हॉल या दोन्हींत बसत नाही. ते अठराव्या शतकाच्या मध्याचं, म्हणजे अमेरिका नावाचा देश जन्माला यायच्या आधीचं. चार्ल्स्टनला तेव्हा चार्ल्सटाउन म्हणत आणि कारभार इंग्लंडच्या राजाच्या नावानं चाले. त्या काळात एकामागून एक गादीवर आलेल्या जॉर्ज राजांमुळे या शैलीला जॉर्जियन म्हणतात.

तिसरा मुलगा

घर बांधवून घेणाऱ्याचं नाव जॉन ड्रेटन. जन्म १७१५ च्या सुमाराचा. त्याचं कुटुंब कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावरून कॅरोलायनात आलेलं. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण कॅरोलायना वसाहतीचा पायाच बार्बाडोसहून आलेल्या मळेवाल्यांनी घातला. मोठे मळे, ते चालवायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि त्या गुलामांना वचकात ठेवणारे कायदे, हा सगळा नमुना त्यांनी बेटावरून उचलून मुख्य भूमीवर आणला.

जॉन हा तिसरा मुलगा. वडिलांचा मॅग्नोलिया नावाचा मळा आपल्या वाट्याला येणं कठीण, हे त्याला दिसत होतं. म्हणून १७३८ मध्ये त्यानं शेजारचीच जमीन विकत घेतली. पुढे तो वसाहतीच्या गव्हर्नरच्या सल्लागार मंडळावर गेला. त्याची चार लग्नं झाली. त्यांतली एक बायको लेफ्टनंट गव्हर्नरची मुलगी, दुसरी गव्हर्नरची बहीण. माणूस कुठे पोहोचायच्या मागे होता ते यावरून कळतंच.

पैसा आला तो भातातून, गुरांतून आणि निळीतून. ड्रेटन हॉलच्या आवारात मोठी भातशेती होती असं नव्हे. हे मालकाचं मुख्य ठाणं. इतरत्र पसरलेल्या त्याच्या मळ्यांचा कारभार इथून चाले. कॅरोलायनाच्या दलदलीत बांध घालून, दारं बसवून, पाणी चढवून-उतरवून भात पिकवण्याची विद्या इंग्रजांकडे नव्हती. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या सेनेगल-गांबियापासून सिएरा लिओनपर्यंत, लोक पिढ्यान्‌पिढ्या भात लावत आले होते. त्याच भागातून पकडून आणलेल्या माणसांचे हात आणि त्यांचं ज्ञान, दोन्हींवर कॅरोलायनाचे जमीनदार श्रीमंत झाले. निळीचं गणित थोडं वेगळं. ब्रिटिश सरकार १७४८ पासून तिच्यावर अनुदान देऊ लागलं, म्हणून ती फोफावली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर अनुदान संपलं आणि ब्रिटनची निळीची गरज बंगालकडे वळली. पुढे बंगालच्या रयतेनं जे भोगलं त्याचा एक धागा असा या किनाऱ्यापर्यंत जातो.

इटलीतलं शेतघर कॅरोलायनात

घर सात खणांचं आहे, म्हणजे दर्शनी बाजूला दारं-खिडक्यांच्या सात उभ्या ओळी. आत खोल्यांच्या दोन रांगा, एक पुढे, एक मागे. खाली अर्धवट जमिनीवर उचललेला तळघरवजा मजला, त्यावर दोन मुख्य मजले, वर चारपाखी छप्पर. विटांचं बांधकाम. मधला दरवाजा आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा वाटाव्यात इतक्या सारख्या.

ही समता आली आंद्रेआ पल्लादिओ या इटालियन वास्तुकाराकडून. पल्लादिओ १५०८ ते १५८० या काळातला. व्हेनिसच्या धनिकांना शहराबाहेर शेतीवर राहायला घरं हवी होती, ती त्यानं बांधून दिली. त्याची युक्ती साधी होती. प्राचीन रोमच्या देवळाचा दर्शनी भाग, म्हणजे खांब आणि वरचा त्रिकोण, त्यानं उचलून शेतकरी जमीनदाराच्या घराला लावला. देवळाचा रुबाब घराला आला. त्याबरोबर त्यानं प्रमाणांचे नियमही घालून दिले: खोलीची लांबी, रुंदी आणि उंची यांचं नातं काय असावं, खांब किती जाड असला तर किती उंच असावा. १५७० मध्ये त्यानं हे सगळं आराखड्यांसह छापलं, आणि छापील असल्यामुळेच ते जगभर गेलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं इंग्रजी भाषांतर आलं आणि इंग्लंडमधल्या उमरावांना पल्लादिओचं वेडच लागलं.

ड्रेटन हॉलच्या वास्तुकाराचं नाव कुठल्याही कागदात नाही. तेव्हा वसाहतींमध्ये आजच्या अर्थानं वास्तुकार जवळपास नव्हतेच. हौशी मालक लंडनहून आलेले आराखडे समोर ठेवायचा आणि अनुभवी सुतार-गवंड्यांकडून काम करवून घ्यायचा. इथेही तसंच झालं असावं असं दिसतं.

घरातली सगळ्यात लक्षवेधी गोष्ट म्हणजे रस्त्याच्या बाजूचा दुमजली मंडप, पोर्टिको. खालच्या मजल्याला डोरिक खांब, साधे नि जाडसर. वरच्या मजल्याला आयोनिक, सडपातळ, माथ्यावर वळलेल्या शिंगांसारखी नक्षी. जड खाली आणि हलकं वर, हाही जुना रोमन नियम. गंमत आहे ती या मंडपाच्या खोलीत. तो अर्धा घराबाहेर आलेला आहे आणि अर्धा घराच्या पोटात शिरलेला. बाहेर आलेल्या भागामुळे घराला तोरा येतो. आत गेलेल्या भागाला तीन बाजूंनी भिंती मिळतात, म्हणून दुपारच्या उन्हातही तिथे सावली राहते आणि पावसाचा मारा आत येत नाही. पल्लादिओनं व्हेनिसजवळच्या व्हिला कोर्नारोत दुमजली मंडप केला होता. अमेरिकेत या तऱ्हेचा मंडप पहिल्यांदा इथे झाला, असं वास्तूचे अभ्यासक मानतात.

आपला वाडा रस्त्याकडे पाठ करून आतल्या चौकाकडे तोंड करतो. हे घर नेमकं उलट: सगळा डौल बाहेर, येणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. वरच्या मंडपात उभं राहिलं की लांबून कोण येतंय ते मालकाला दिसायचं आणि येणाऱ्याला मालक दिसायचा. वसाहतीतल्या सत्तेचा निम्मा भाग असा दिसण्यात होता.

मुळात हे घर एकटं नव्हतंच. दोन्ही बाजूंना एकेक छोटी इमारत होती. १७६५ मध्ये काढलेल्या एका जलरंगातल्या चित्रात मधलं घर, दोन्ही बाजूंच्या इमारती आणि त्यांना जोडणाऱ्या वळणदार बांधणीची सगळी मांडणी दिसते. हे चित्र फार उशिरा अभ्यासकांच्या हाती लागलं. त्याआधी लोक केवळ मधला ठोकळा बघून 'किती साधं आणि गंभीर घर' म्हणायचे. साधं वगैरे काही नव्हतं. दोन्ही हात तुटलेलं घर आपण बघतो आहोत.

हवा, पाणी आणि डास

चार्ल्स्टनच्या भोवतालचा प्रदेश सखल आणि दलदलीचा. स्थानिक लोक त्याला लोकंट्री म्हणतात. उन्हाळ्यात दमट उकाडा, भरती-ओहोटीचं पाणी नद्यांतून आत खोलवर शिरणारं, वर अधूनमधून चक्रीवादळं. कोकणातल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

म्हणून राहते मजले जमिनीपासून उचललेले. खालच्या मजल्यात साठवण आणि घरकामाची जागा. ओल, पूर, वाळवी जे काही यायचं ते आधी त्या मजल्यावर. वरच्या खोल्यांच्या छताची उंची भरपूर, म्हणजे गरम हवा डोक्यावर राहते. समोरासमोर दारं-खिडक्या, म्हणजे नदीवरून आलेला वारा घरातून आरपार जातो. स्वयंपाक मुख्य घराबाहेर, बाजूच्या इमारतीत. आगीची भीती आणि चुलीची धग दोन्ही दूर.

तरी या घराला हवामानाला अनुकूल वगैरे म्हणणं मला जरा अतिशयोक्तीचं वाटतं. त्यात पहिला मान फॅशनचा आहे, वाऱ्याचा नंबर नंतर. हवामानाशी खरं जुळवून घेतलेलं घर बघायचं तर चार्ल्स्टन शहरातलं 'सिंगल हाउस' बघावं. ते रुंदीला फक्त एका खोलीएवढं, आखूड बाजू रस्त्याकडे आणि लांब बाजूला वरखाली पडव्या, ज्यांना तिथे पियाझा म्हणतात. प्रत्येक खोलीला दोन-तीन बाजूंनी वारा मिळतो. ते घर पल्लादिओच्या आराखड्यातून निघालेलं नाही, त्या गावच्या उकाड्यातून निघालेलं आहे.

शिवाय जमीनदार मंडळी ऐन उकाड्यात मळ्यावर राहतच नसत. भाताच्या खाचरांत पाणी साठायचं, त्यात डास व्हायचे आणि मलेरिया पसरायचा. हा ताप डासांमुळे येतो हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. दलदलीच्या दूषित हवेनं ताप येतो अशी समजूत होती. पण उन्हाळ्यात मळ्यावर राहिलेला गोरा माणूस मरतो एवढं अनुभवानं कळलेलं. त्यामुळे साधारण मे महिन्यात गाशा गुंडाळून शहरात किंवा समुद्रकाठी जायचं आणि थंडीचं पहिलं दहिवर पडलं की परतायचं, असा रिवाज पडत गेला. गुलाम मात्र तिथेच. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्यांपैकी अनेकांना मलेरियाविरुद्ध थोडी जन्मजात प्रतिकारशक्ती असे. तिचाच आधार घेऊन मालकांनी असं ठरवून टाकलं की दलदलीत राबायला हेच लोक योग्य. मुलं मात्र त्या खाचरांच्या काठी भराभर मरत.

कुणाचे हात

आता सामान बघू. विटा या भागातल्याच मातीच्या. खांबांचा दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड चुनखडक. जिन्याचं महोगनी वेस्ट इंडिजचं. इतर लाकूडकाम स्थानिक: दलदलीत वाढणाऱ्या सायप्रसचं आणि पाइनचं. सायप्रसला वाळवी सहसा लागत नाही आणि ते ओलं-कोरडं होऊनही सहज कुजत नाही. घर आजही उभं आहे त्याचं थोडं श्रेय या झाडाला द्यायला हवं.

माती तुडवायची, साच्यात भरायची, वाळवायची, भट्टी लावायची, झाडं तोडायची, तुळया तासायच्या, हे काम गुलामीत जखडलेल्या माणसांनी केलं. चार्ल्स्टन परिसरातल्या जुन्या विटांवर जागोजाग बोटांचे ठसे दिसतात. ओली वीट साच्यातून काढून उन्हात उलटीपालटी करताना उमटलेले. त्यांतले काही इतके लहान आहेत की ते मुलांचेच असणार. अशी वीट कुठल्याशा भिंतीत अचानक दिसली की सगळं पल्लादिओपुराण क्षणभर मागे पडतं.

ड्रेटननं जमीन घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १७३९ मध्ये, इथून फार दूर नसलेल्या स्टोनो नदीकाठी गुलामांचा उठाव झाला. बंडखोरांनी दुकान फोडून हत्यारं मिळवली आणि दक्षिणेकडे स्पॅनिश फ्लोरिडाच्या दिशेनं निघाले, कारण तिथे पोचणाऱ्यांना मुक्त करण्याचं स्पेननं जाहीर केलं होतं. उठाव चिरडला गेला. १७४० मध्ये वसाहतीनं नवा कडक कायदा केला: गुलामांनी एकत्र जमायचं नाही, स्वतःसाठी पिकवून विकायचं नाही, त्यांना लिहायला शिकवणाऱ्याला दंड. तेव्हा या वसाहतीत काळ्या लोकांची संख्या गोऱ्यांपेक्षा बरीच जास्त होती. त्या भीतीच्या वातावरणात हे घर उभं राहिलं. त्याच्या भव्यतेत धाक घालण्याचाही भाग आहे, असं मला वाटतं.

आतल्या रचनेत हे आणखी स्पष्ट होतं. मंडपातून आत गेलं की मोठं दालन. त्याच्या शेकोटीवरची लाकडी कोरीव चौकट, विल्यम केंट या इंग्रज वास्तुकारानं १७२७ मध्ये छापलेल्या, आधीच्या शतकातला इंग्रज वास्तुकार इनिगो जोन्स याच्या नक्षीसंग्रहावरून घेतलेली. या दालनापलीकडे, नदीच्या बाजूला, जिन्याची खोली. तिथे एक नाही, समोरासमोर दोन जिने चढतात आणि वर एकत्र येतात. पाहुण्यांसाठी हा थाट. आणि याच घरात दुसरा एक अरुंद, भिंतीआड लपवलेला जिना आहे, कामाच्या लोकांसाठी. त्यावरून पाणी, सरपण, जेवण, राख, मळ सगळं वरखाली होणार, पण ते नेणारा माणूस पाहुण्याच्या नजरेला पडणार नाही. घर रिकामं असल्यामुळे हे दोन्ही जिने सारखेच डोळ्यांत भरतात. झुंबरं नि गालिचे असते तर तो दुसरा जिना कुणी बघितलाही नसता.

एका दालनात मान वर करून जरा थांबायला हवं. तिथलं छत हातानं घडवलेल्या गिलाव्याचं आहे. नंतरच्या काळात नक्षी साच्यात ओतून, वाळवून मग छताला चिकटवत. इथे कारागिरानं परांचीवर उभं राहून ओल्या गिलाव्यातच पानं-फुलं वळवली. गिलावा घट्ट व्हायच्या आत हात चालवायचा, तोही डोक्यावर. म्हणून जवळून पाहिलं तर कुठलीही दोन पानं तंतोतंत सारखी नाहीत. त्या काळातलं असं काम अमेरिकेत फारच कमी शिल्लक आहे.

टिकलं कसं

मे १७७९ मध्ये ब्रिटिश फौजा चार्ल्स्टनच्या दिशेनं येत असताना जॉन ड्रेटन घर सोडून निघाला आणि वाटेतच वारला. त्याचा मुलगा विल्यम हेन्री हा क्रांतिकारकांच्या बाजूचा, नव्या राज्याचा सरन्यायाधीश. तोही त्याच वर्षी गेला. पुढच्या वर्षी, मार्च १७८० मध्ये, जनरल क्लिंटनच्या ब्रिटिश सैन्यानं याच घराच्या धक्क्यावर नदी ओलांडून चार्ल्स्टनला वेढा घातला. युद्ध संपल्यावर दुसऱ्या मुलानं, चार्ल्सनं, १७८४ मध्ये सावत्र आईकडून घर विकत घेतलं. चार्ल्स एडिंबरोत शिकलेला डॉक्टर. तो १८२० मध्ये वारला, तोवर डायरी लिहीत होता. हवा, झाडं, पिकं, डागडुजी आणि कुठल्या गुलामानं कुठलं काम केलं, पळून कोण गेलं, हे त्या कोरड्या नोंदींतून आज कळतं.

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या अखेरीस, फेब्रुवारी १८६५ मध्ये, उत्तरेच्या फौजांनी अॅश्लीकाठच्या हवेल्या जाळल्या. शेजारचं मॅग्नोलिया गेलं, वरच्या अंगाचं मिडलटन प्लेस गेलं. ड्रेटन हॉल वाचलं. का, याची एक कथा सांगतात: घरात देवीचे रोगी आहेत असं भासवून बाहेर पिवळी निशाणं लावली होती, म्हणून सैनिक आत शिरले नाहीत. कथा छान आहे. पुरावा म्हणावा असा काही तिच्यामागे नाही.

युद्धानंतर गुलाम मुक्त झाले आणि जमीनदारी कोसळली. मग घर पडलं कसं नाही? इथे भूगर्भ मदतीला आला. अॅश्लीच्या काठच्या मातीखाली फॉस्फेटचे थर निघाले, खतासाठी त्याला प्रचंड मागणी. १८६७ पासून खाणी सुरू झाल्या. ड्रेटन कुटुंबाला त्यातून पैसा मिळाला, घराची डागडुजी झाली. खणायला होते ते बहुतेक नुकतेच मुक्त झालेले काळे मजूर. बागबगीच्याची जमीन मात्र खड्ड्यांनी विद्रूप झाली.

३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री चार्ल्स्टनला मोठा भूकंप झाला. शहरातल्या जुन्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर आजही लोखंडी चकत्या दिसतात. त्या भूकंपानंतर भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून घरातून आरपार घातलेल्या सळयांची ती टोकं. ड्रेटन हॉलच्या बाजूची एक इमारत या भूकंपात गेली, दुसरी १८९३ च्या वादळात. मधलं घर दोन्हींतून निभावलं.

विसाव्या शतकात घर शार्लटा ड्रेटन या अविवाहित बाईंकडे होतं. त्या शहरात राहायच्या आणि वर्षातले काही आठवडे इथे येऊन मुक्काम करायच्या, कंदिलाच्या उजेडात. परवडत नव्हतं म्हणून वीज घेतली नाही असं नव्हे. त्यांना घरात बदल नकोच होता. १९६९ मध्ये त्या गेल्या आणि १९७४ मध्ये पुढच्या पिढीनं घर नॅशनल ट्रस्ट या देशपातळीवरच्या वारसा संस्थेला विकलं. सात पिढ्यांची मालकी तिथे संपली.

दुरुस्त करायचं की नुसतं टिकवायचं

संस्थेपुढे तेव्हा दोन वाटा होत्या. एक सरधोपट: घर १७५० मध्ये जसं होतं तसं परत करायचं. नंतरचे रंग खरवडायचे, नंतरच्या शेकोटीच्या चौकटी काढायच्या, त्या काळचं फर्निचर बाजारातून आणून मांडायचं. लोकांना हेच आवडतं आणि तिकिटंही खपतात. दुसरी वाट म्हणजे आज जे आहे ते तिथेच थांबवायचं. गळतं ते बंद करायचं, कुजलेलं तेवढं बदलायचं, पण काळाचे थर पुसायचे नाहीत.

त्यांनी दुसरी निवडली. हा निर्णय धाडसी होता, कारण पहिल्या वाटेत एक छुपी लबाडी असते. १७५० वर घड्याळ थांबवलं की १७५० नंतरचं सगळं आयुष्य कचऱ्यात जातं. चार्ल्सनं बदललेली शेकोटी जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा निळसर रंग जातो. एका दाराच्या चौकटीवर ड्रेटन मुलांची उंची दर काही वर्षांनी पेन्सिलीनं मांडलेली आहे, त्यात घरच्या कुत्र्याचीही. कुठल्याही 'अस्सल जॉर्जियन' सजावटीत ती चौकट पहिल्याच दिवशी रंगली असती.

आणि गेले असते ते बोएन्स कुटुंबासारख्यांचे धागे. बोएन्स घराण्याचे पूर्वज गुलाम म्हणून ड्रेटनांबरोबर बार्बाडोसहून आले, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. मुक्तीनंतरही त्यांची घरं याच आवारात होती. १९०८ मध्ये इथेच जन्मलेले रिचमंड बोएन्स उत्तरेकडे शिकागोला जाऊन नोकरी करून परतले आणि म्हातारपणी या आवाराच्या फाटकाशी बसून येणाऱ्यांना इथली माहिती सांगू लागले: कुठली झोपडी कुठे होती, तिथे कोण राहायचं, कोण कुणाचं नातेवाईक. मालकांच्या कागदांत सापडणार नाही असा हा इतिहास त्यांच्या तोंडून नोंदवला गेला. आवारातल्या काळ्या लोकांच्या दफनभूमीत बऱ्याच थडग्यांवर दगड नाहीत. ती साफसूफ करून बाग करायची नाही, झाडोरा तसाच राहू द्यायचा, हे त्यांचं म्हणणं पाळलं जातं. १९९८ मध्ये त्यांनाही तिथेच पुरलं.

अशा घरांचं करायचं काय, हा वाद अमेरिकेत अजून तापलेलाच आहे. लुइझियानातल्या व्हिटनी मळ्यानं २०१४ मध्ये दारं उघडली ती थेट गुलामगिरीचं संग्रहालय म्हणून; मालकाच्या हवेलीला तिथे दुय्यम जागा. त्याच राज्यातली नॉटोवे ही १८५९ ची अवाढव्य हवेली लग्नसमारंभांचं ठिकाण झाली होती. मे २०२५ मध्ये ती आगीत जळाली तेव्हा काही लोक हळहळले आणि काहींनी समाजमाध्यमांवर चक्क आनंद साजरा केला. मला दोन्ही समजू शकतं. पण पुरावा जळाला याचा आनंद मानणं मला जमत नाही. जिथे अन्याय झाला ती भिंत उभी असली तरच त्या भिंतीला प्रश्न विचारता येतो. फक्त त्या भिंतीपुढे केक कापायचा की नाही, हे ठरवायला हवं.

'काही बदलायचं नाही' हेही शब्दशः खरं नसतं, हे ओघानं सांगून टाकतो. छप्पर गळलं तर घालावंच लागतं. नदीकाठची दमट हवा लाकूड आणि गिलावा रोज थोडा थोडा फुगवते-आकसवते. त्यात दर वर्षी हजारो माणसं घरातून फिरणार, म्हणजे त्यांच्या पावलांचे हादरे. वारसा जपणाऱ्यांचं बरंचसं काम म्हणजे मोजमाप: कुठली भेग किती वाढली, कुठे ओल चढली.

आहे तसं ठेवण्याचा फायदा किती, हे माळ्यावर कळलं. घर १७३८ ला सुरू झालं आणि १७४२ ला पुरं झालं असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. त्यामागे जमीन-खरेदीची तारीख आणि थोडा अंदाज, एवढंच. मग २०१४ च्या सुमारास माळ्यावरच्या तुळयांची तपासणी झाली. झाड दर वर्षी एक वलय वाढतं. पावसाच्या वर्षी रुंद, दुष्काळात अरुंद. एका भागातल्या सगळ्या झाडांत रुंद-अरुंद वलयांचा क्रम साधारण सारखा येतो, त्यामुळे तुळईतली वलयं त्या भागाच्या माहीत असलेल्या क्रमाशी जुळवता येतात. तुळईला सालीलगतचं शेवटचं वलय शिल्लक असेल, तर झाड कुठल्या वर्षी आणि कुठल्या ऋतूत तोडलं तेही सांगता येतं. उत्तर आलं: १७४७-४८ चा हिवाळा. म्हणजे छप्पर चढलं त्यानंतर आणि घर राहण्याजोगं झालं ते १७५० च्या आसपास. तुळया कुणी बदलल्या असत्या, किंवा रंधा मारून त्यांची सालीकडची कड काढून टाकली असती, तर हे कधीच कळलं नसतं. १७३८ ही तारीख आता फक्त जमीन घेतल्याची उरली आहे.